कोरड्या डोळ्यांसाठी अश्रूंची वाट बंद करणं: प्लग कधी, कोणता आणि कसा

प्रश्न: माझ्या आईचं वय ५४ आहे. दोन वर्षांपासून तिचे दोन्ही डोळे खुपतात, संध्याकाळी लाल होतात, वाऱ्यात उभं राहिलं की चुरचुरतात. अश्रू किती तयार होतात ते मोजणारी शर्मर टेस्ट उजव्या डोळ्यात ४ आणि डाव्या डोळ्यात ६ मिमी आली. दिवसातून आठ-दहा वेळा थेंब घालूनही तेवढ्यापुरतंच बरं वाटतं. तोंडही कोरडं पडतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. आता डॉक्टरांनी अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत प्लग बसवायला सांगितलंय. हे ऑपरेशन असतं का? कायमचं असतं का? नंतर डोळ्यांतून सारखं पाणी गळेल का? आणि थेंब बंद होतील का?

उत्तर:

चारही प्रश्नांची उत्तरं आधी थोडक्यात देतो. हे ऑपरेशन नाही. ओपीडीतच, स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवून, भुलीचा थेंब घालून काही मिनिटांत होतं. बहुतेक प्लग काढता येतात, त्यामुळे ते कायमचं नसतं. छिद्र कायमचं बंद करायची पद्धत वेगळी आहे आणि तिची पाळी सगळ्यांत शेवटी येते. शर्मर ४ आणि ६ असताना खालची दोन छिद्रं बंद केली तर पाणी गळायची शक्यता कमी असते, पण अजिबात नाही असं सांगता येणार नाही. थेंब कमी होतील, सुटतील असं मात्र धरून चालू नका.

आता खरा मुद्दा. प्लगमुळे अश्रू डोळ्यात जास्त वेळ टिकतात, एवढंच त्याचं काम. ते अश्रू कसे आहेत, यात प्लग काही सुधारणा करत नाही. म्हणून बसवण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या गेल्यात का, हे विचारून घ्या: कोरडेपणा खरोखर पाण्याच्या कमतरतेचा आहे का, डोळ्याच्या पृष्ठभागावरची सूज शमलीय का, आणि अश्रुपिशवी निरोगी आहे का. प्लगचा उपयोग झाला नाही असं सांगणाऱ्या रुग्णांची बारकाईने तपासणी केली तर बहुतेक वेळा यातलीच एखादी गोष्ट सुटलेली असते.

वाट कुठून कुठे जाते

आईची खालची पापणी नाकाच्या बाजूने किंचित बाहेर वळवून पाहा. आतल्या कोपऱ्यापासून साधारण ६ मिमीवर, पापणीच्या कडेवर, एक छोटा उंचवटा आणि त्याच्या माथ्यावर एक बारीक छिद्र दिसेल. हेच पंक्टम. व्यास साधारण ०.३ मिमी. असंच एक वरच्या पापणीवर असतं, नाकाकडे जरा जास्त सरकलेलं. म्हणजे दोन्ही डोळ्यांची मिळून चार. छिद्रापासून एक बारीक नळी आधी २ मिमी सरळ उभी जाते, मग जवळपास काटकोनात वळून नाकाच्या दिशेने आणखी ८ मिमी आडवी जाते. या नळीला कॅनॅलिक्युलस म्हणतात. बहुतेकांत वरची आणि खालची नळी एकत्र येऊन अश्रुपिशवीत उघडते आणि तिथून पाणी नाकात उतरतं. डोळ्यात औषध घातल्यावर घशाशी कडू चव येते ती याच वाटेने.

एका डोळ्यात कोणत्याही क्षणी जेमतेम ७ मायक्रोलिटर पाणी असतं. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे थेंबाचा मोठा भाग गालावर ओघळतो किंवा नाकात जातो आणि उरतो तोही काही मिनिटांत निघून जातो. आठ-दहा वेळा थेंब घालूनही तेवढ्यापुरतंच बरं का वाटतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. दर वेळी एका डोळ्यात एकच थेंब पुरतो, दोन-तीन घालून काही जास्त मिळत नाही.

पाणी कमी, की पाणी उडून जातंय?

कोरडे डोळे म्हणजे पाणी कमी, असं सरसकट नसतं. पापणीच्या कडेला मायबोमियन नावाच्या तेलग्रंथी असतात. त्यांचा तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरलेला असतो, म्हणून पाणी लगेच उडून जात नाही. ग्रंथी तुंबल्या की पाणी पुरेसं असूनही डोळा कोरडा पडतो. व्यवहारात हाच प्रकार जास्त दिसतो आणि अनेकांत दोन्ही दोष एकत्र असतात. प्लगचा खरा फायदा होतो तो पहिल्या प्रकारात, जिथे अश्रुग्रंथीच कमी पाणी तयार करते.

शर्मरचा आकडा यासाठीच पाहतात. ५ मिमी रुंद आणि ३५ मिमी लांब अशी शोषक कागदाची पट्टी दुमडून खालच्या पापणीत, कानाकडच्या एक तृतीयांश भागात अडकवायची आणि ५ मिनिटांनी ओल किती पुढे गेली ते मोजायचं. भूल न देता केलेल्या चाचणीत १० मिमीपेक्षा कमी म्हणजे संशय, ५ किंवा त्याहून कमी म्हणजे पाण्याची खरी टंचाई. पण या चाचणीवर एकटीवर विसंबू नये. नुकताच थेंब घातला असेल, पट्टी बुबुळाला घासली असेल किंवा वर पंखा फिरत असेल तर आकडा बदलतो. म्हणून सोबत आणखी काही पाहावं लागतं. खालच्या पापणीच्या काठावरची पाण्याची रेघ साधारण ०.२ मिमीपेक्षा कमी उंच आहे का? फ्लुरोसीनचा पिवळा रंग घातल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो? १० सेकंदांपेक्षा कमी असेल तर थर अस्थिर आहे. बुबुळावर आणि पांढऱ्या भागावर रंग कुठे धरतो? आणि पापणीची कड बोटाने दाबल्यावर ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येतं, की घट्ट, पांढरट द्रव्य येतं, की काहीच येत नाही? ही शेवटची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

रुग्ण एक शंका नेहमी विचारतात: डोळ्यांतून पाणी येतं, मग डोळे कोरडे कसे? वारा लागला किंवा खुपलं की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते पाणी भराभर वाहून जातं. दिवसभर डोळ्यावर जो थर टिकायला हवा त्याची उणीव त्याने भरून निघत नाही.

तुमच्या आईचे आकडे पाहता पाण्याची कमतरता आहे, असं म्हणायला जागा आहे. पण तोंडाचा कोरडेपणा सोबत असल्यामुळे प्रश्न इथे थांबत नाही. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीत डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडत असतील तर स्योग्रेन या आजाराचा विचार करावाच लागतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. सांधे दुखतात का, कानाखाली गालाला सूज येते का, दात झपाट्याने किडताहेत का, हे विचारायचं आणि रक्तात एएनए व अँटी-आरओ, म्हणजे एसएसए, या तपासण्या करायच्या. निदान झालं तर संधिवाततज्ज्ञांकडे नियमित जाणं आलं, कारण हा आजार फुप्फुसं, मूत्रपिंडं, मज्जातंतू यांनाही गाठू शकतो आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. डोळ्यात प्लग बसला, बरं वाटलं आणि मूळ आजार तसाच राहिला, असं होऊ देऊ नका.

औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, लघवीवर ताबा राहण्यासाठीची ऑक्सिब्युटिनीन, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, या सगळ्यांनी डोळे कोरडे पडतात. यातलं एखादं बदलता आलं तर प्लगची गरजच उरत नाही, असंही होतं.

सूज आधी उतरवा

कोरड्या डोळ्यातल्या अश्रूंमध्ये दाह वाढवणारी द्रव्यं जास्त असतात. पाणी कमी, त्यामुळे क्षार दाटलेले, त्यामुळे पृष्ठभागाच्या पेशी चिडलेल्या, आणि त्या पेशी आणखी दाहक द्रव्यं सोडतात. अशा वेळी वाट बंद केली तर मोरीचं तोंड बुजवल्यावर घाण पाणी साचतं तसं होतं: तेच अश्रू डोळ्यात जास्त वेळ राहतात आणि जळजळ वाढते. प्लग बसवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'आधी बरं होतं' म्हणत रुग्ण परत येतो, त्यामागे हे कारण असू शकतं.

म्हणून डोळा लाल असेल, पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतील, पापण्यांच्या मुळाशी खपल्या असतील तर आधी दोन ते चार आठवडे त्यावर काम करायचं. पापण्या बंद करून १० मिनिटं कोमट शेक, लगेच बोटाने कडेच्या दिशेने हलकी मालिश (वरची पापणी खाली, खालची वर), मग कडेची स्वच्छता. लोटेप्रेडनॉलसारखं सौम्य स्टेरॉइड थोडे आठवडेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि डोळ्याचा दाब तपासत. दीर्घकाळासाठी दाह शमवणाऱ्या सायक्लोस्पोरीनचे ०.०५ टक्क्यांचे थेंब दिवसातून दोनदा. सायक्लोस्पोरीनचा परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात आणि सुरुवातीला ते झोंबतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण पंधरा दिवसांत बाटली बाजूला ठेवतो. पाण्याची टंचाई मोठी आणि लाली मामुली असेल तर सायक्लोस्पोरीन सुरू करून काही आठवड्यांत प्लग बसवायला माझी हरकत नसते. लाल, चिकट डोळ्यात मात्र घाई नको.

वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात प्लगच्या अठरा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि लक्षणं किती कमी होतात याबाबत ठाम निष्कर्ष काढता आला नाही. याचा अर्थ प्लग निरुपयोगी आहेत असा मी घेत नाही. त्या चाचण्यांमधले रुग्ण, प्लग आणि तुलना सगळंच एकमेकांपासून वेगळं होतं. पण दिसेल त्या कोरड्या डोळ्यात प्लग घालू नये, निवड करूनच घालावा, हे मात्र त्यातून नक्की घ्यायला हवं.

तिसरी तपासणी अश्रुपिशवीची. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाच्या हाडालगत बोटाने दाबायचं आणि छिद्रातून पू किंवा चिकट पाणी उलटं येतं का ते पाहायचं. येत असेल तर तो नासूर, म्हणजे अश्रुपिशवीचा जुना संसर्ग, आहे, आणि नासूर असलेल्या डोळ्यात प्लग बसवायचा नाही. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये नासूर बराच दिसतो आणि कोरडेपणाही याच वयात वाढतो, म्हणून ही दाबून पाहायची तपासणी कुणीही टाळू नये. छिद्र बाहेर वळलेलं असेल, पापणी सैल पडली असेल किंवा प्लगच्या पदार्थाची ॲलर्जी असेल तरीही प्लग टाळावा.

प्लगचे प्रकार

छिद्र बंद करायची कल्पना जुनी आहे. १९३५ मध्ये बीथम यांनी विजेच्या सुईने छिद्र भाजून बंद करायची पद्धत मांडली, १९६१ मध्ये फोल्ड्स यांनी नळीत जिलेटिनच्या काड्या घातल्या आणि १९७५ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीमन यांनी सिलिकॉनचा प्लग आणला. आजचे बहुतेक प्लग त्याच्याच वंशातले.

कोलॅजनचा प्लग साधारण २ मिमी लांबीची, ०.२ ते ०.६ मिमी जाडीची काडी असते. ती पूर्ण आत जाते आणि चार ते सात दिवसांत विरघळते. तिचा उपयोग चाचणीसाठी. कोलॅजन बहुधा गाईगुरांपासून किंवा डुकरापासून मिळवलेलं असतं. कुटुंबात त्याबद्दल आक्षेप असेल तर आधीच विचारा, कृत्रिम पदार्थाचे विरघळणारे प्लगही मिळतात. ते काही महिने टिकतात आणि लेसिक या चष्मा घालवायच्या लेझर शस्त्रक्रियेनंतरच्या तात्पुरत्या कोरडेपणाला सोयीचे पडतात.

सिलिकॉनच्या प्लगचे तीन भाग असतात: आत जाणारं जाडसर टोक, अरुंद मान आणि छिद्राच्या तोंडाशी बसणारी टोपी. टोक आत अडकतं, छिद्राचं कडं मानेला धरतं, टोपी बाहेर दिसत राहते. मापं साधारण ०.४ ते १ मिमी.

तिसरा प्रकार नळीत खोल जाणारा, बाहेरून न दिसणारा. काही शरीराच्या उष्णतेने आखडून जाड होतात, काही पाणी शोषून फुगतात. अलीकडे अमेरिकेत हायलुरॉनिक ॲसिडचं जेल नळीत भरण्याची पद्धतही आली आहे.

माझी पसंती स्पष्ट आहे: दीर्घकाळासाठी प्लग ठेवायचा तर टोपीवाला, दिसणारा ठेवावा. टोपी दिसतेय म्हणजे प्लग जागेवर आहे, त्रास झाला तर चिमट्याने काढता येतो. खोल गेलेला प्लग खुपत नाही, रुग्णाला तो आवडतो, पण तो आहे की नाही हे ना रुग्णाला कळतं ना डॉक्टरांना. आणि नळीत जंतुसंसर्ग झाला तर तो बाहेर काढणं जिकिरीचं होतं, कधी नळीला छेद द्यावा लागतो.

बसवतात कसा

पहिल्यांदा बसवत असाल तर खालच्या दोन्ही छिद्रांत कोलॅजनचे प्लग घालून आठवडाभर पाहणं हा सुरक्षित मार्ग. यातून मुख्य उत्तर मिळतं ते पाणी गळेल का याचं. कोलॅजन नळी पूर्ण बंद करत नाही, त्यामुळे आठवड्यात आराम वाटला नाही म्हणून सिलिकॉनही चालणार नाही असं ठरवू नये. पण कोलॅजननेच गालावर पाणी ओघळू लागलं तर सिलिकॉन घालायचा नाही, हे नक्की.

सिलिकॉनचा प्लग असा बसतो. प्रोपॅराकेन या भुलीच्या औषधाचा ०.५ टक्क्यांचा थेंब घालायचा आणि भुलीच्या थेंबात भिजवलेला कापसाचा बोळा छिद्रावर अर्धा मिनिट धरायचा. खालच्या पापणीसाठी रुग्णाने वर आणि कानाच्या बाजूला पाहायचं. डॉक्टर पापणी खाली आणि बाहेर ओढून ताणून धरतात. मग मोजपट्टीच्या सुईने छिद्राचं माप घेतात. सुई आत जाताना किंचित अडली आणि काढताना हलकी पकड जाणवली तर माप बरोबर. माप न घेता अंदाजाने प्लग निवडणं हे तो पडण्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे.

छिद्र अरुंद असेल तर डायलेटर नावाच्या निमुळत्या सुईने ते रुंदावतात, पण सरळ उभं, १ ते २ मिमीच. त्यापुढे नळी वळते. सुई तशीच पुढे रेटली तर नळीची भिंत फाटते. जास्त ताणल्यास छिद्राचं कडं तुटतं आणि मग कोणताच प्लग धरत नाही. कडं लवचीक असल्यामुळे डायलेटर काढताच छिद्र पुन्हा आकसू लागतं, म्हणून प्लग आधीच इन्सर्टरवर, म्हणजे तो आत घालायच्या साधनावर, तयार हवा आणि काही सेकंदांत आत गेला पाहिजे. टोकाला वंगण थेंबाचा ओलावा दिला की तो सहज सरकतो. टोक आत गेल्याचं हाताला जाणवतं, तेव्हा इन्सर्टरची कळ दाबून प्लग सोडायचा आणि इन्सर्टर सरळ मागे घ्यायचा. वाकडा ओढला तर प्लगही बाहेर येतो.

शेवटी टोपी छिद्राच्या तोंडाशी सपाट बसली आहे का, ते पाहायचं. टोपी वर उचललेली असेल तर माप मोठं किंवा टोक अर्धवट आत. टोपी आत बुडू लागली तर माप लहान, आणि असा प्लग तिथेच काढायचा, कारण पुढे तो नळीत घसरतो. रुग्णाला नाकाकडे पाहायला सांगायचं: टोपी बुबुळाला किंवा पांढऱ्या पडद्याला घासत असेल तर याच वेळी कळतं.

कोलॅजनची काडी बारीक चिमट्याने कोरडी धरून झटकन अर्धी आत सरकवतात, मग चिमट्याच्या टोकाने पूर्ण आत ढकलतात. ओली झाली की ती मऊ पडते आणि आत जात नाही. या कामात वेळ फुकट जातो तो इथेच.

घरी आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस आतल्या कोपऱ्यात काहीतरी असल्याची जाणीव राहते, मग जाते. त्या कोपऱ्याला चोळायचं नाही. तोंड धुताना, पदराने किंवा टॉवेलने पुसताना बोट आतल्या कोपऱ्यात घालून घासायची सवय अनेकांना असते आणि प्लग तसेच पडतात. काजळ निदान नाकाकडच्या भागात लावू नका, त्याचे कण टोपीभोवती आणि छिद्रात साचतात. प्लग नीट बसला असेल तर थेंब घातल्यावर घशाशी येणारी कडू चव कमी झालेली जाणवेल.

थेंबांची बाटली मात्र तपासा. लेबलवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलं असेल तर प्लग बसल्यावर तो थेंब सुरू ठेवू नका. हे परिरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) बुबुळाच्या पेशींना त्रासदायक आहे आणि वाट बंद झाल्यामुळे ते आता जास्त वेळ डोळ्यात राहणार. परिरक्षकाशिवायचे, एका वेळेच्या छोट्या पॅकमधले किंवा खास बाटलीतले थेंब मागा. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर ते स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, त्यातही परिरक्षकाशिवायचे प्रकार मिळतात. थेंबांची संख्या पहिल्या दोन आठवड्यांत कमी करायची घाई नको. पहिली तपासणी चार ते सहा आठवड्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी.

खालच्या प्लगने फरक पडला पण पुरेसा नाही, आणि पाणीही गळत नाही, तर वरच्या छिद्रांचा विचार करायचा. स्योग्रेनमध्ये ही वेळ येते. चारही छिद्रं एकदम बंद करणं मला मान्य नाही.

काय बिघडतं

सगळ्यांत जास्त वेळा होतं ते प्लग पडणं, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. रुग्णाला कळतही नाही, फक्त जुना त्रास परत येतो. पडला असेल तर एक माप मोठा बसवतात, पण त्याआधी तो खरंच पडला की आत घसरला, हे पाहायला हवं. दोन-तीनदा पडला तर छिद्र सैल झालंय असं समजावं.

पाणी गळणं हा दुसरा त्रास. थोडं असेल तर दोन आठवडे थांबून पाहा, आधी थेंब कमी करा. गालावर ओघळत असेल तर प्लग काढायचा. तो मानेशी, टोपीच्या खाली धरून ओढतात. टोपीलाच पकडलं तर ती तुटून उरलेला भाग आत राहतो.

छिद्राभोवती गुलाबी मांसल गाठ वाढू लागली तर ती ग्रॅन्युलोमा. ती प्लगला हळूहळू वर ढकलते. प्लग काढून थोडे दिवस स्टेरॉइडचे थेंब दिले की बहुधा बसते.

नळीतला जंतुसंसर्ग, कॅनॅलिक्युलायटिस, हा सगळ्यांत चुकवणारा प्रकार आहे. एकाच डोळ्याला डोळे आल्यासारखं होतं. आतला कोपरा सुजतो, छिद्र फुगून वर येतं, दाबल्यावर पिवळा पू दिसतो. प्रतिजैविकाचे थेंब घातले की थोडं बरं, थांबवले की पुन्हा चिपडं. असं आठवडेच्या आठवडे चालतं, आणि जुना, न दिसणारा प्लग रुग्ण विसरून गेलेला असतो. तो प्लग बाहेर काढल्याशिवाय हा संसर्ग बरा होत नाही. आईच्या एका डोळ्याला असं झालं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर 'प्लग बसवला आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीही हे सांगायलाच हवं, कारण संसर्ग झालेला प्लग असताना डोळा उघडणं धोक्याचं आहे.

कायमचं बंद करायचं तर

सिलिकॉनचा प्लग काही महिने चांगला चालला, पाणी गळलं नाही आणि प्लग वारंवार पडतोय, अशा गंभीर कोरड्या डोळ्यांसाठी छिद्र भाजून बंद करण्याचा पर्याय आहे. पापणीत लिग्नोकेनची भुलीची सुई देऊन बारीक गरम टोक नळीत काही मिलीमीटर आत नेतात आणि भोवतालचा भाग पांढरा पडेपर्यंत भाजत बाहेर येतात. नुसतं तोंडावर भाजलं तर काही आठवड्यांत छिद्र पुन्हा उघडतं. खोल भाजल्यावरही कधी उघडतं. उलट, पुढे पाणी गळू लागलं तर बंद झालेलं उघडण्यासाठी शस्त्रक्रिया लागते आणि तिला नेहमी यश येईल असं नाही. म्हणून प्लगची परीक्षा पास झाल्याशिवाय भाजणं नको. एवढ्यानेही न भागणाऱ्या डोळ्यांसाठी रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेले सिरम थेंब आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स आहेत, पण त्या पायरीला आई अजून आलेली नाही.

आता तुम्ही करायचं ते असं. थेंब परिरक्षकाशिवायचे करून घ्या, स्योग्रेनच्या रक्ततपासण्या करा, पापण्यांची कड आणि अश्रुपिशवी दाबून पाहिली आहे का ते विचारा. सूज असेल तर महिनाभर तिच्यावर उपचार, मग खालच्या दोन छिद्रांत कोलॅजन, मग मापून सिलिकॉन. बसवल्याच्या दिवशी केसपेपरवर चार गोष्टी लिहून घ्या: तारीख, कोणत्या पापणीत, कोणत्या पदार्थाचा, किती मापाचा. तो कागद चष्म्याच्या नंबराच्या कागदासोबत ठेवा.